आप्पाकाकांची सोयरीक

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात सुमनकाकूंचा फोन आला. "आप्पा गेले रे... ड्राइव्हवेतला बर्फ काढताना." मला दुःखाआधी रागच आला. डॉक्टरांनी फावड्याला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. पण ऐकतील ते आप्पाकाका कसले!

न्यू जर्सीत आम्ही शेजारी. मी इंजिनिअर; ते कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि जन्मभर कंबोडिया आणि व्हिएतनाम या दोनच देशांच्या मागे लागलेले. त्यांच्या वर्गात दोन निर्वासित मुलं आली. कंबोडियाची सोफाल आणि सायगॉनहून बोटीनं पळालेला मिन्ह. झालं! या दोघांनी एकमेकांच्या हातून तिळगूळ घ्यायचा, हे काकांनी मनावरच घेतलं. दर संक्रांतीला दोघांना जेवायला बोलवायचे. दोघंही यायची, काकांच्या हातून लाडू घ्यायची आणि टेबलाच्या दोन टोकांना बसायची.

गेल्या वर्षी मिन्हनं पहिल्यांदाच लाडू तिच्यापुढे धरला. काकांना केवढा चेव आला! "घे गं. साडेतीनशे वर्षांपूर्वी तुमच्या राजानं यांच्याकडची राजकन्या केली होती. सोयरीक आहे तुमची!"

"सर, त्या सोयरिकीपासूनच आमचा मुलूख यांच्याकडे जात गेला," सोफाल शांतपणे म्हणाली. "माझ्या आईवडिलांना आमच्याच लोकांनी मारलं. यांच्या व्हिएतनामी सैन्यानं येऊन मला वाचवलं, हेही खरं. पण ते सैन्य अजून आमच्या घरात बसलंय."

"त्या कम्युनिस्टांच्याच भीतीनं मी पळालो," मिन्ह म्हणाला. "ते माझं सैन्य कसं?"

लाडू त्याच्या हातातच राहिला. "पुढच्या वर्षी घेईल बघ," काका मला हळूच म्हणाले. काय म्हणावं या माणसाला...

माणूस गेल्यावर घरात वर्षभर सण नसतो. तरी यंदा काकूंनी लाडू केले. दोघंही आली. मला वाटलं, आज तरी, निदान काकांसाठी तरी... सोफालनं डब्यातला लाडू उचलला, मिन्हजवळ थबकली आणि तशीच पुढे जाऊन तो काकांच्या फोटोसमोर ठेवला. मिन्हनंही आपला लाडू तिथेच ठेवला. मग दोघं आपापल्या गाडीनं निघून गेली. मला इतकं भकास काकांच्या अंत्यविधीलाही वाटलं नव्हतं.

ते दोन लाडू अजून फोटोपुढे आहेत, दगडासारखे कडक झालेले. काल मी उचलायला गेलो, तर काकूंनी हात धरला. "राहू दे रे. पुढच्या वर्षी घेतील."

मी हो म्हटलं. घेणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.