हिरवळीच्या गाण्यातलं गाळलेलं कडवं

इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या अंकात आमचं हिरवळीचं गाणं छापून आलं आहे. खाली लिहिलं आहे, ‘गीत : सगळ्यांचं. मात्रा-दुरुस्ती :’ आणि पुढे माझं नाव. ते वाचून दोघांतिघांनी कौतुकाचे फोन केले. म्हणून हे लिहितो आहे. या गाण्यातलं एक कडवं मी गाळायला लावलं होतं, आणि त्यामागचं कारण मी खोटं सांगितलं होतं.

आम्ही सहा-सात निवृत्त माणसं रविवारी दुपारी आमच्या बेसमेंटमध्ये जमतो. शिकागोजवळच्या या नेपरव्हिलच्या हिवाळ्यात दुसरं करण्यासारखं काही नसतं, तिथून सुरुवात झाली. आधी जुनी गाणी म्हणायचो. मग आपणच रचूया असं ठरलं, तेही इथल्या जगण्यावर. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांवर एक झालं, फेकून दिल्या जाणाऱ्या अन्नावर एक. एकाने ओळ द्यायची, बाकीच्यांनी टाळीवर म्हणून बघायची, अडखळली तर बदलायची. मी तरुणपणी तबला शिकलो होतो, त्यामुळे मात्रांचा शेवटचा शब्द माझा.

हिरवळीचं गाणं आमच्याच वस्तीवर आहे. इथे लॉन हिरवंगार ठेवायचं तर तणनाशक औषध मारावं लागतं, पावसाबरोबर ते वस्तीमागच्या तळ्यात उतरतं. ‘हिरवे अंगण हिरवी वाट, तळ्यात उतरे जहरी लाट’ हे धृपद चौघांनी मिळून केलं. त्यानंतरच्या रविवारी डॉक्टरांनी आपलं कडवं आणलं :

दारी पिवळे फूल बहरे,
समोर खिडकी चुगली करे.

डॉक्टर म्हणजे आमच्यापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या बाई. जन्मभर लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. यजमान गेल्यावर त्यांनी औषध मारणाऱ्या कंपनीला येऊ नका म्हणून सांगितलं आणि लॉनवर डँडेलायनचं तण पिवळंधमक फुलू दिलं. वस्तीतली मुलं तिथे अनवाणी खेळतात, त्यांच्या पायाला विष कशाला, असं त्या म्हणायच्या. मग कुणीतरी घरमालकांच्या असोसिएशनकडे तक्रार केली. नोटीस आली आणि डॉक्टरांना औषध मारून घ्यावं लागलं. तक्रार समोरच्या अमेरिकन बाईंनी केली असं त्यांनी धरलं, कारण त्या निवृत्त शिक्षिका दिवसभर खिडकीत बसून असायच्या. तोवर दोघी रोज सकाळी तळ्याभोवती फिरायला जात. ते थांबलं.

तक्रार मी केली होती. डँडेलायनचं बी उडून माझ्या लॉनवर येत होतं. डॉक्टरांना सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण आपल्या माणसाला तोंडावर कसं बोलायचं, वाईट दिसतं, असं वाटलं. असोसिएशनच्या वेबसाइटवर नाव न देता तक्रार करता येते. मी तशी केली.

आणि त्या रविवारी ते कडवं सगळ्यांनी टाळीवर म्हटलं, तेव्हा मी म्हणालो, “दुसऱ्या ओळीत मात्रा जास्त होतात.”

“होत नाहीत रे,” आमचा एक सिव्हिल इंजिनीअर मित्र म्हणाला. “मस्त बसतंय.”

“तू पूल बांध,” मी म्हणालो. सगळे हसले. डॉक्टरांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यानंतर त्या यायच्या, सर्वांबरोबर गायच्या, पण ओळ कधी दिली नाही.

तसे दोन हिवाळे गेले. या मार्चमध्ये समोरच्या बाईंच्या अंगणात घर विकायची पाटी लागली. पाडव्याची प्रॅक्टिस संपल्यावर डॉक्टर वर स्वयंपाकघरात आपला डबा घ्यायला आल्या, तेव्हा मी त्यांना सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं.

“तुम्ही?” त्या म्हणाल्या. “अहो, दोन घरं सोडून राहता. दार वाजवायचं ना.”

“संकोच वाटला.”

“म्हणून वेबसाइटवर गेलात.” मग त्यांनी विचारलं, “आणि मात्रा?”

“बरोबर होत्या.”

“मी घरी बोटांवर मोजत बसायचे. मुलाला फोनवर म्हणून दाखवलं, तर तो म्हणतो, आई, जस्ट लेट इट गो.” त्यांनी डबा ओट्यावर परत ठेवला. “शूज घाला.”

“आत्ता?”

“मग काय, ती गेल्यावर? आणि बोलायचं तुम्ही. मी नुसती उभी राहणार.”

समोरच्या बाईंच्या घरात खोकी भरून ठेवलेली होती. मी इंग्रजीत सगळं सांगितलं. तक्रार माझी, आणि दोष त्यांच्यावर गेला तो मी जाऊ दिला. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाल्या, “तुमच्या मिस्टरांच्या फ्युनरलला माझ्या तोंडून काहीतरी चुकीचं गेलं, असं मी इतके दिवस समजत होते.”

डॉक्टर “नो, नो” म्हणत राहिल्या आणि तिथल्याच एका खोक्यावर बसल्या. मला कुणी बस म्हटलं नाही. मी घरी आलो. डबा ओट्यावरच होता. तो बायकोने संध्याकाळी नेऊन दिला, आणि कारण विचारलं तेव्हा तिलाही पहिल्यांदा सांगितलं.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर म्हणालो, की कडव्याच्या मात्रा बरोबर होत्या, ते परत घ्यावं. डॉक्टर म्हणाल्या, “नको. ते खोटं आहे. त्या खिडकीने काही केलं नव्हतं.” म्हणून ते छापलेल्या गाण्यात नाही. दुरुस्ती झाली असेल तर ती त्यांची आहे, माझी नव्हे.

समोरचं घर विकलं गेलं. त्या बाई जूनमध्ये मुलाकडे ॲरिझोनाला जातील. तोवर दोघी सकाळी तळ्याभोवती फिरायला जातात, कधी दोन-दोन चकरा मारतात.