खंडेनवमीनंतर रखडलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीनंतर आमच्या टॉवेलच्या कारखान्यातला कॉम्प्युटर सुरू व्हायला रखडू लागला आणि सगळ्यांनी त्याचं खापर माझ्यावर फोडलं. कारण त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम घातली होती मी. "फुकटचं हाय ते, फुकटासारखंच चालणार की," असं मालक येता-जाता ऐकवायचे. लिनक्सला कोणी असं बोललं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अजूनही जाते.

मी तिथली डिझाइनर. टॉवेलच्या काठावरची वेलबुट्टी कॉम्प्युटरवर काढायची आणि वायरीवरून मागांना पाठवायची, हे माझं काम. अक्कलकोट रोडला लाइट जाते, येते. लाइट आली की माग तयार असायचे, पण कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर एकच इंग्रजी ओळ दाखवत बसायचा: नेटवर्कची वाट बघतोय. विणकर दारात येऊन उभे राहायचे. त्यांची मजुरी मालावर, ते चिडणारच.

शेवटी मालकांनी ठरवलं. बाहेरचा डिझाइनवाला त्याच्या कॉम्प्युटरसकट आणायचा, आमचा भंगारात घालायचा आणि मला घडी खात्यात पाठवायचं. घड्या घालणं वाईट काम नाही, माझ्या आईने जन्मभर तेच केलं. पण मला ते करायचं नव्हतं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत डिझाइन काढून पोट भरणारी मी एकटीच मुलगी होते. कोणाच्या म्हणण्यावरून मी ते सोडणार नव्हते.

"सोमवारपर्यंत थांबा," मी म्हणाले.

"सोमवारी काय होणार हाय?"

"तुमी बघालच की."

काय होणार ते मलाही ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत भाकरी बाजूला ठेवली आणि कॉम्प्युटरलाच विचारलं, बाबा रे, सुरू होताना तुझा वेळ जातो कुठे? लिनक्स काही लपवत नाही. कोणत्या कामाला किती वेळ लागला, सगळं मांडून दाखवतं. बाकी कामं झटपट होत होती, खोळंबा फक्त नेटवर्कपाशी होता. आमच्या कॉम्प्युटरला वायर लावायचे दोन पोर्ट. एकातली वायर मागांकडे गेलेली, ती ठीक. दुसऱ्यात वायरच नाही, असं तो सांगत होता.

मी टेबलाखाली शिरले. दुसरा पोर्ट खरंच रिकामा होता आणि त्याच्यावर हळदीकुंकू होतं.

मग माझ्या लक्षात आलं. आमच्या कारखान्यात खंडेनवमीला एक यंत्र मालक स्वतःच्या हाताने पुसतात, पूजतात. यंदा तो मान कॉम्प्युटरचा होता. दुसऱ्या पोर्टची वायर जुन्या ऑफिसच्या नेटवर्कच्या एका काळ्या डब्यात जायची. ऑफिस केव्हाच दुसरीकडे गेलं, डबा मात्र दिवे लुकलुकवत पडून होता. तो चालू होता म्हणून कॉम्प्युटरला वाटायचं, पलीकडे कोणीतरी आहे. मालकांनी अडगळ म्हणून डबा वायरीसकट काढला आणि रिकाम्या पोर्टला कुंकू लावलं. तेव्हापासून कॉम्प्युटर दर वेळी त्या गेलेल्या डब्यासाठी ताटकळायचा आणि कंटाळून पुढे जायचा.

मी सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून टाकलं, हा पोर्ट जोडलेला असला तर ठीक, नसला तर थांबायचं नाही. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. भाकरीचा घास गिळेपर्यंत डिझाइन पडद्यावर. मी एकटीच खदखदून हसले.

सोमवारी लाइट जाऊन आली तेव्हा मालक माझ्या मागेच उभे होते. कॉम्प्युटर चटकन उठला, माग खडखडू लागले.

"काय केलंस गं पोरी?"

"पूजेच्या वेळी तुमी ह्याची एक वायर काढली होती. हा तिची वाट बघत बसायचा. लिनक्सचा काही दोष नव्हता."

दोन विणकर दारातच होते. मालकांचा चेहरा उतरला. हे मला हळू आवाजात सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. मला नावं चारचौघांत ठेवली होती, उत्तरही चारचौघांतच मिळायला हवं होतं.

"बरं बरं," ते म्हणाले. "पण माझं ठरलंय. तो माणूस उद्या येणार हाय. तू घडी खात्यात..."

"येऊ द्या की त्याला," मी म्हणाले. माझा आवाज चढलेलाच होता. "त्याला बसायला दुसरी खुर्ची आणा. ह्या खुर्चीवर मी हाय."