अँटिव्हायरसची झडती घेणारे मामा

तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरच्या दारावर पहाऱ्याला कोण बसलंय, हे तुम्ही कधी विचारलंत का? नाही ना? दुकानदारानं जो डबा पुढं केला तो घेतलात, 'मान्य आहे' या चौकोनावर न वाचता बोट दाबलंत आणि मोकळे झालात. साऱ्या संभाजीनगरात अँटिव्हायरसची उलटतपासणी करून मगच त्याला कामावर घेणारा माणूस एकच, माझे मामा!

मामांची सगळी नोकरी हर्सूलच्या तुरुंगात पहाऱ्यावर गेली. मामा निवृत्त झाले, पहारा काही निवृत्त झाला नाही. भाजीची पिशवी घरात येण्याआधी उंबऱ्यावर रिकामी होते. पाहुणे निघाले की मामा दारात उभे राहून चपला मोजतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या वाढदिवसाचा केक त्यांनी सायकलच्या तारेनं ठिकठिकाणी टोचून पाहिला. ती रडायला लागली, तर म्हणाले, "रडू नको गं. आत करवत नाय, एवढी खात्री करून दिली तुला." मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. भीती दाखवून राज्य करणाऱ्यांशी भांडायचं, हे वडिलांनी छापलेल्या पत्रकांतूनच शिकले. तुरुंगाच्या शिपायाशी माझं पटायला नको होतं. पटलं ते मामीमुळं.

मामी गाणी रचायची. जयंतीला वस्तीतल्या कट्ट्यावर उभी राहून, डफ नसला तर ताट वाजवत, अशी गायची की लहान पोरंसुद्धा गप्प बसायची. ती गेली. मागं उरली मामांनी फोनवर टिपलेली तिची गाणी. फोन बिघडला आणि ती फक्त मामांच्या कॉम्प्युटरमध्ये राहिली, एका फोल्डरात. मामा त्याला बराक म्हणतात. "लई व्हायरस फिरायलाय म्हणतेत," एक दिवस ते मला म्हणाले, "बराकीला शिपाई पायजे."

शहागंजातल्या दुकानात मुलाखती सुरू झाल्या.

"ह्यो मुदत संपल्यावर काय करतो?"

"बंद पडतो, काका."

"म्हंजी गेट उघडं टाकून घरी जातो! पुढचा दाखव."

पुढच्यानं स्क्रीनवर लाल अक्षरांत 'तुम्ही धोक्यात आहात' अशी बोंब ठोकली. मामांनी त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. "जो मालकालाच भेव दाखवतो त्यो कसला शिपाई? ह्याला गेटवर नगं, निवडणुकीला उभा कर." मला त्या क्षणी मामांच्या पायावर एक आख्खं पत्रक वाहावंसं वाटलं.

पसंत कोणीच पडेना. तेव्हा मामांनी तुरुंगाचा नियम लावला: गेटवर एकटा शिपाई ठेवायचा नाही, दोन ठेवायचे आणि दोघांनी एकमेकांची झडती घ्यायची. त्यांनी फुकटातले दोन अँटिव्हायरस एकदमच बसवले. त्या दोघांनी नियम तंतोतंत पाळला. दिवसभर ते एकमेकांचीच झडती घेत राहिले. कॉम्प्युटर इतका मंदावला की एक अक्षर उमटेपर्यंत चहा उकळून व्हायचा. मामा मात्र खूश. "कडक बंदोबस्त हाय!"

जयंतीच्या आदल्या दिवशी मंडळाचे सचिव पेनड्राइव्ह घेऊन आले. मामीची गाणी यंदा लाउडस्पीकरवर लावायची होती. पेनड्राइव्ह लागला. दोन्ही शिपाई एकमेकांचे खिसे तपासत होते, आणि त्यांच्यामधून व्हायरस आरामात आत गेला. बराक उघडली तर रिकामी. एकही गाणं नाही. मामा खुर्चीत बसले. "सगळ्या नोकरीत माझा एक बंदी पळाला नाय गं," एवढंच म्हणाले.

कॉम्प्युटर रिक्षात घालून आम्ही पुन्हा शहागंज गाठलं. दुकानदार म्हणाला, "काका, सब गया. फॉरमॅट मारू, अन् हे मोठं पॅकेज घ्या, परत टेन्शन नको."

मी भडकले. "आमचं घर जळालंय, आणि तुम्ही आम्हाला कुलूप विकताय?"

मामांनी मला हातानं थांबवलं. "दम धर. आधी गिनती. डिस्क किती भरलीय ते दाव."

दुकानदारानं दाखवलं. निळी पट्टी होती तेवढीच होती. मामा ती रोज संध्याकाळी पाहायचे. ते ताडकन उठले. "भिंत फुटली नाय, पट्टी घटली नाय! बाहेर कोणीबी गेलं नाय. आतच दडवलंय कुणीतरी!"

माझी ट्यूब पेटली: व्हायरसनं गाणी पुसली नव्हती, नुसती लपवली होती. 'लपवलेल्या फायली दाखवा' या चौकोनात मी खूण केली, आणि एकेक गाणं वर आलं, फिकट, अंधारातून उजेडात यावं तसं. सगळी होती! मामांनी तिथंच हजेरी घेतली. गाणं लावायचं, मामीची पहिली ओळ ऐकायची आणि खणखणीत म्हणायचं, "हजर!" गिऱ्हाइकं थांबली. दुकानदारानं आपणहून चहा सांगितला. "चाचा," तो म्हणाला, "तुम मेरे दुकान पे बैठो."

ते दोघं शिपाई बडतर्फ झाले. कॉम्प्युटरसोबतच आलेला एक साधा अँटिव्हायरस होता, घरचाच रखवालदार, हे दोघं आल्यावर मुकाट बाजूला झालेला. तो पुन्हा कामावर येताच त्यानं व्हायरस पकडला. "बोंबलत नाय, फुशारकी नाय, रोज नवा हुकूम वाचतो," त्याच्या रोजच्या अपडेटकडं बोट दाखवत मामा म्हणाले. "ह्योच ठेव." दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मामीचा आवाज घुमला आणि आख्खी वस्ती तिच्यामागं गायली. भीती विकणाऱ्यांचा एवढा सपशेल पराभव मी दुसरा पाहिलेला नाही.

मामा अजून रोज गिनती घेतात. शेवटचं 'हजर' झाल्यावरही थोडा वेळ तसेच बसून राहतात, अजून कुणीतरी यायचं राहिल्यासारखे. परवा त्यांनी माझ्या हातावर एक पेनड्राइव्ह ठेवला. "समदे एका बराकीत ठेवू नयेत. पॅरोलवर सोडतोय. जप."

म्हणून सांगते, शिपाई कुठला ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त घाबरून ठरवू नका. पण आज घरी गेलात की तुमच्या माणसाचा आवाज शोधा, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरी देऊन या.