नानांचा पाहुणा

नाना पिझ्झा खायला यायचे ते सदऱ्याच्या खिशात दोन हिरव्या मिरच्या घेऊन. तुकडा भाकरीसारखा गुंडाळायचा, एक घास त्याचा आणि एक चावा मिरचीचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. नाना शांतपणे म्हणाले, "ताई, चीज गोडमिट्ट लागस. मिरचीबिगर घशाखाले उतरत नही."

नाना माझे शेजारी. मूळचे नरडाण्याकडचे, वायरमन म्हणून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगी धुळ्याला दिलेली. मी एकटी, तेही एकटे. त्यामुळे रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं कॉलनीच्या कोपऱ्यावर पारसच्या पिझ्झ्याच्या हॉटेलात जेवायला जायचो. पाच-सहा टेबलं, शुद्ध शाकाहारी, भिंतीला पिवळा रंग. बाजूच्या टेबलावर कोणी ओळखीचं-अनोळखी असलं तरी नाना आपल्या ताटलीतला पहिला तुकडा आधी त्याच्यापुढे करायचे. कॉलेजची पोरं गडबडून जायची. नानांचा आग्रह मात्र लग्नघरचा, नाही म्हणायची सोय नसे.

पारस हा हस्तीमलशेठचा मुलगा. शेठचं किराण्याचं दुकान आमच्याच रस्त्यावर, आजोबांच्या काळापासूनचं. पारसने दुकानात न बसता हॉटेल काढलं, एवढ्यावर शेठ रुसलेले नव्हते. रुसले ते उद्घाटनावरून. गिऱ्हाईक संध्याकाळचं म्हणून पारसने उद्घाटनाचं जेवण रात्री आठला ठेवलं. शेठ जैन, दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. बापाला वाटलं, पोराने आपल्याला वगळलं. शेठ गेलेच नाहीत. पोराला वाटलं, बापाला आपलं हॉटेल नकोच आहे. तेव्हापासून एका घरात राहून दोघं कामापुरतं बोलत. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण मध्ये पडणार कोण?

नाना पडले. तूरडाळ आणायला म्हणून माझ्याबरोबर गेले आणि शेठना तोंडावरच विचारलं, "पोऱ्याना हॉटेलमा तुम्ही कधीच दिसत नहीत?"

शेठ डाळ तोलत म्हणाले, "नाना, तो भट्टी सहा वाजता पेटवतो. माझी जेवणाची वेळ त्याला लहानपणापासून माहीत आहे. बोलवायचं असतं तर दुपारी पेटवली असती."

नानांनी डाळ पिशवीत घातली. घरी येताना मला एवढंच म्हणाले, "माणूस रुसना तं त्याले ग्यान देवानं नही, जेवाले बलावानं."

त्याच संध्याकाळी त्यांनी पारसला सांगितलं, "रविवारले दुपारी चारले मना पाहुणा येणार शे. कांदा-लसूण टाकू नको."

"नाना, हॉटेल सहाला उघडतं."

"मंग माले नही म्हण."

पारस गल्ला पुसत होता. कांदा-लसूण नको, दुपारी चार, पाहुणा. त्याचा हात थांबला. फडकं बाजूला ठेवून तो "या" म्हणाला.

रविवारी शेठ आले खरे, पण दारातच घुटमळले. नानांनी हाताला धरून आत आणलं. पारसने पिझ्झा आणून ठेवला आणि नोकरासारखा बाजूला उभा राहिला. शेठना तो खायचा कसा हे कळेना. नाना म्हणाले, "भाकरसारखं गुंडाळा शेठ, कोणी पाहत नही." शेठनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मला तर धाकधूक लागली होती, हा माणूस आता उठून जातो की काय. मग शेठ मान वर न करता म्हणाले, "तू जेवलास का?"

"नाही, बाबूजी."

"बस मग."

नाना उठले आणि हात धुवायला गेले. ते लवकर परत आले नाहीत. त्यानंतर दर रविवारी भट्टी दुपारीच पेटू लागली. मी नानांचं कौतुक केलं की ते म्हणायचे, "त्यामा काय शे? भुक्या माणूस भांडस, जेवेल माणूस बोलस."

गेल्या थंडीत नाना झोपेतच गेले. धुळ्याहून मुलगी आली, नरडाण्याचे भाऊबंद आले. सकाळी त्यांना नेलं. अशा घरी चूल पेटवत नाहीत, जेवण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, सोयऱ्यांनी आपल्या घरून आणायचं असतं. मी पिठलं-भात टाकायच्या विचारात होते, तेवढ्यात दारात हस्तीमलशेठ दिसले. हातात खोकी होती. मागे पारस, त्याच्याही हातात खोकी.

नानांच्या थोरल्या भावाच्या कपाळाला आठी पडली. "शेठ, दुखवटाना घरमा हॉटेलनं आणं का?"

शेठनी चपला काढल्या, खोकी सतरंजीवर ठेवली आणि सावकाश म्हणाले, "हॉटेलचं नाही, आबा. आमच्या घरचं आहे."

पारसने चटकन तोंड फिरवलं. शेठनी स्वतःच्या हाताने पहिला तुकडा नानांच्या मुलीला दिला. नानांना नेताना माझे डोळे कोरडे राहिले होते. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.