डिट्टो काकू

आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत बाळ घरी आलं की पेढे वाटायच्या आधी डिट्टो काकूंना बोलावणं जायचं. काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, तळमजल्यावर एकट्या राहायच्या. बाळाला मांडीवर घ्यायच्या, चष्मा सारखा करायच्या आणि निकाल द्यायच्या, "नाक डिट्टो आत्याचं. कपाळ आजोबांचं. रडणं मात्र जावईबापूंचं दिसतंय." त्या बोलल्या की सगळ्यांना ते नाक आत्याचंच दिसू लागे. तोवर ते नुसतं नाक असे.

एका बारशाच्या गडबडीत कोणीतरी पाहुण्यांचंच बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. काकूंनी त्याची हनुवटी यजमानांची ठरवली. आम्ही माना डोलावत होतो, तेवढ्यात बाळाची खरी आई त्याला न्यायला आली. हशा पिकला. काकू शांतपणे म्हणाल्या, "मी सांगितल्यावर तुम्हालाही दिसलीच ना? मग मला एकटीला कशाला हसता?"

आम्ही जुईला दत्तक घेतलं तेव्हा मला खरी धास्ती होती ती काकूंची. आठ महिन्यांची जुई घरी आली, शेजारी जमले आणि काकूंनी तिला मांडीवर घेतलं. सासूबाई उगाचच कपबशा आवरू लागल्या. काकू बराच वेळ जुईकडे पाहत राहिल्या.

"आत्ता काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "अजून तुमच्याकडे बघून शिकायचीय ती. वर्षभराने विचारा."

मग त्यांनी चहात साखर कमी असल्याचं मला सुनावलं. साखर आणायच्या निमित्ताने मी आत जाऊन डोळे पुसले.

आम्ही विचारेपर्यंत मात्र त्या थांबल्या नाहीत. जुई माझ्यासारखी पाय फेकत चालते, नवऱ्यासारखी एक भुवई उडवून नकार देते, असं जिन्यात गाठून सांगायच्या. एकदा काकूंबरोबर मंडईत गेलो असताना एक भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, पोरगी अगदी आईवर गेलीय. मी मेथीच्या जुड्या चाळू लागले. काकूंनी पिशवी पुढे केली. "जाणारच. दिवसभर तिच्याच मागे असते. मेथी कशी दिलीत?"

गाण्याचं तसं नव्हतं. आमच्या घरात आरतीसुद्धा कोणी सुरात म्हणत नाही. जुई चार वर्षांची झाली आणि ऐकलेलं गाणं जसंच्या तसं म्हणू लागली. मला कौतुक वाटलं आणि थोडं परकंही वाटलं. ते मी काकूंजवळच बोलू शकले.

"गळा ती येताना घेऊन आलीय," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या घरात नुसता पडून राहिला तर वाया जाईल. क्लास लावा."

पेठेतल्याच एका बाईंकडे शिकवणी सुरू झाली. रियाज तळमजल्यावर काकूंकडे व्हायचा, कारण वर आम्ही मध्येच सूर लावायचो.

आपण दत्तक आहोत हे जुईला लहानपणापासून माहीत होतं. तरी नऊ वर्षांची असताना शाळेत कोणीतरी तिला, तू आईसारखी दिसत नाहीस, असं म्हटलं. ती वर न येता थेट काकूंकडे गेली. मी शोधत खाली आले तेव्हा ती विचारत होती, "आजी, मी खरंच कोणावर गेलेय?" मी दारातच थांबले.

"चालणं आईचं, भांडणं बाबाचं," काकू म्हणाल्या. "डोळे आणि गळा ज्यांनी तुला जन्म दिला त्यांच्याकडून आले असणार. त्यांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे कोणाचं काय, ते उगाच ठोकून देणार नाही."

जुईने त्यांच्या मोबाइलवर तानपुरा लावायला सांगितला.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी हार खाल्ली आणि काकू लेकीकडे लोणी काळभोरला राहायला गेल्या. जुई आता चौदा वर्षांची आहे. रविवारी बसने त्यांच्याकडे जाते, मला बरोबर येऊ देत नाही. परवा पोळ्या लाटताना मी सहज विचारलं की तुम्ही दोघी इतका वेळ बोलता तरी काय.

"माझ्या जन्माच्या आईबद्दल," जुई म्हणाली. "आजी म्हणतात, तिला मनातल्या मनात कुठलाही चेहरा दे. फक्त चांगल्या बाईचा दे."

मी पोळी तव्यावर टाकली. "मग कसा दिलास?"

"थोडासा तुझ्यासारखाच येतो," ती म्हणाली आणि भाजलेली पोळी उचलून खायला लागली.