अळवाखालचा पत्रा

बाबली मेस्त्रीने कुठल्या घराचं वायरिंग केलंय, हे ओळखायला घरात शिरावं लागत नसे. मागीलदारी जायचं. न्हाणीचं पाणी सुटतं तिथे अळू माजलेलं दिसलं की समजायचं, खाली बाबलीची अर्थिंग आहे. किनाऱ्याची जमीन रेताड, पाणी धरत नाही, आणि कोरड्या जमिनीत करंट जिरत नाही. म्हणून हा माणूस पुरुषभर खड्डा खणायचा, तांब्याचा पत्रा उभा करायचा, भोवती कोळसा आणि मीठ थराथराने भरायचा आणि वर अळू लावून घरच्या बाईला बजावायचा, "ह्या सुकला काय माका बोलवा." बायका हसायच्या. फतफतं, म्हणजे अळूची पातळ भाजी करायला मात्र तीच पानं खुडायच्या.

पस्तीस वर्षांत आपण वायरिंग केलेल्या घरात कुणाला शॉक लागला नाही, एवढी एकच बढाई तो मारायचा. बढाई मारण्यासारखं दुसरं काही त्याच्याकडे नव्हतंही. शिक्षण सातवी, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, मूलबाळ नाही. सुदेश त्याच्याकडे काम शिकायला आला आणि दोन वर्षांत घरचाच झाला. बाबलीच्या बायकोने, तुळसाने, सुरमईची मधली तुकडी पुन्हा कधी नवऱ्याला वाढली नाही, ती सुदेशच्या ताटात पडू लागली. बाबलीने तक्रार केली नाही. आपल्यामागे अळू लावणारा कुणीतरी आहे, या विचाराने त्याला बरं वाटायचं.

सहा वर्षांपूर्वी बाबली शिडीवरून पडला, पाय मोडला आणि चार महिने खाटेवर गेले. तेवढ्या काळात सुदेशने एकट्याने सात घरांची कामं उरकली, शिवाय बाबलीच्या घराची जुनी अर्थिंगही नवी करून दिली. लायसन बाबलीचं, त्यामुळे टेस्ट रिपोर्टवर सह्या बाबलीच्या. काठी टेकत चालता येऊ लागल्यावर तो सातही घरी जाऊन आला. अळू हिरवंगार होतं. वाकून त्याने प्रत्येक ठिकाणी जमिनीत गेलेली वायर ओढून पाहिली. हलली नाही. मीटर लावायला हवा होता, पण लावला नाही. स्वतःच्या पोराच्या कामाला कोण मीटर लावतं?

त्या सातांतलंच एक घर स्वप्नाचं. समुद्राला लागून, पर्यटकांसाठी तीन खोल्या. नवरा देवेश बोटीवर. त्याच्या हौसेपायी हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी बसवलेली, तिच्यात लाटांच्या पलीकडून कॅन भरून आणलेलं खारं पाणी आणि तांबडे-पांढरे पट्टेवाले मासे. गेल्या जानेवारीत एका सकाळी तिचा फोन आला.

"काकानू, टाकीत हात घातलो काय झिणझिणता. मासे कोपऱ्यात जावन बसतत. आता तर फ्रीजचो दांडो पण चावता. आमचा दिव्या घरभर अनवाणी फिरता, माका भिया वाटता."

बाबली पेजेचं ताट तसंच ठेवून उठला. त्याने वायरिंग केलेल्या घरात, आणि तिच्या पोरीला धोका! वाटेत त्याने तीनदा स्वतःशीच म्हटलं की टाकीचं एखादं मशीनच खराब असणार.

गेल्यावर त्याने पहिलं विचारलं, नवीन काय बसवलंत? स्वप्नाने दाखवलं. टाकीतला चुकार करंट जमिनीत जावा म्हणून देवेशने मुंबईहून एक धातूची काडी पाठवली होती. तिचं एक टोक पाण्यात, दुसरं सॉकेटच्या अर्थिंगला. ती लावल्यापासूनच फ्रीज चावायला लागला होता.

बाबलीने मीटरची एक पिन पाण्यात धरली, दुसरी सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकात. काटा हलला नाही. मग त्याने बोटाचं टोक पाण्याला लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. म्हणजे मीटर म्हणतो करंट नाही आणि बोट म्हणतं आहे. सॉकेटची अर्थिंग सोडून थेट जमिनीशी ताडून बघायचं त्याने ठरवलं. मग बाहेर जाऊन धुण्याच्या दगडाजवळ, ओल्या जमिनीत, त्याने एक लोखंडी सळी ठोकली. तिची वायर खिडकीतून आत घेतली आणि मीटर पुन्हा लावला. एकशेतीस व्होल्ट.

एकेक वस्तू बंद करून बघणं आलं. टाकीवरचा लाइट काढला, एकशेतीस. हवा सोडणारं यंत्र काढलं, तरी तेच. पाणी फिरवणाऱ्या पंपाची पिन उपसली आणि काटा शून्यावर पडला. पंपाची वायर काचेच्या कडेवर घासून फाटली होती आणि फाटीत मीठ सुकलं होतं.

"मिळाला मा?" स्वप्ना म्हणाली. "पंप टाकून दितंय."

दुसरा कुणी असता तर चहा घेऊन घरी गेला असता. पण बाबली टाकीसमोर बसूनच राहिला. पंप फाटला, मान्य. पण पाण्यातला करंट त्या काडीतून अर्थिंगच्या वायरीत गेला, तर तो जमिनीत जिरायला हवा होता आणि बोर्डावरचा ट्रिपर पडायला हवा होता. तसं झालं नाही. वाट न मिळालेला करंट घरभर फिरून फ्रीजच्या दांड्यात येऊन बसला होता. मीटरला सॉकेटमध्ये काही दिसलं नाही, कारण तिथेही पाण्याइतकाच करंट होता.

"हयची अर्थिंग कोणी केल्यान?" त्याला माहीत होतं, तरी त्याने विचारलं.

"सुदेशान. तुमी खाटेर होतास तेव्हा." मग ती सहज म्हणाली, "सही तुमची आसा."

तिच्या मनात काही नव्हतं. बाबलीचे कान मात्र तापले. त्याने मेन स्विच बंद केला, फावडं घेतलं आणि मागीलदारी गेला. अळू कमरेएवढं वाढलं होतं. ते उपटताना त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. दीड फुटावर फावडं खणकन वाजलं. पत्रा इतक्या वर नसतो. त्याने हातांनी माती सारली. खाली जांभ्या चिऱ्याचा तुकडा होता आणि त्याला अर्थिंगची वायर नीट दोन वेढे देऊन बांधलेली होती. त्याखाली रेती. कोळसा नाही, मीठ नाही, पत्रा नाही.

चिरा का, हे कळायला त्याला वेळ लागला नाही. बाबली येणार, वाकणार आणि वायर ओढून बघणार, हे एकाच माणसाला ठाऊक होतं.

सुदेशचं आता कणकवलीला हायवेवर दुकान आहे, काचेचा दरवाजा, हाताखाली चार माणसं. फोन त्यानेच उचलला. पूर्वी तो "मेस्त्रीनू" म्हणायचा.

"बोला काका," तो म्हणाला.

"स्वप्नाच्या घराक पत्रो नाय रे, सुदेश."

सुदेश बोलू लागला, तो ऑफिसात बोलावं तसं शुद्ध मराठी. "काका, जुना विषय आहे तो. तुम्ही आजारी, मी एकटा, तेव्हा शिकत होतो मी. झाली असेल चूक. अनुभव नव्हता हो."

बाबलीला त्याचा राग आला नाही, खरं सांगायचं तर उलट झालं. बुडत्याने ओंडका धरावा तसा त्याने तो शब्द धरला. अनुभव नव्हता. पोर घाबरलं असेल, एवढा खोल खड्डा एकट्याला झेपला नसेल, पत्रा कसा जोडायचा ते विसरला असेल. चिऱ्याचं काय, हा प्रश्न तो मनातल्या मनात ढकलत राहिला. स्वप्नाच्या घरी त्याने पंप आणि काडी काढून ठेवली, तात्पुरती दुसरी सळी खोल ठोकून दिली आणि दिव्याला चपला घालायला लावल्या. उरलेल्या सहा घरी उद्यापासून जाऊन, आपल्या तोंडाने सांगून, आपल्या हाताने खणायचं, हेही ठरवलं.

पण आधी तो स्वतःच्या घरी आला. इथली अर्थिंगही सुदेशने त्याच चार महिन्यांत केलेली. इथेही चिराच निघू दे, असं तो मनात म्हणत होता. घर बिनअर्थिंगचं निघावं अशी इच्छा धरणारा वायरमन आजवर झाला नसेल. पण इथेही चिरा असला, तर पोराला खरंच येत नव्हतं असं म्हणता येणार होतं.

मोडून जुळलेल्या पायावर भार देत तो भर दुपारी खणत राहिला. दीड फुटावर काही लागलं नाही. तीन फुटांवर माती काळी झाली. मग कोळसा, मग मिठाचा ओलसर थर, पुन्हा कोळसा. छातीएवढ्या खड्ड्यात उतरून त्याने हाताने चाचपलं आणि पत्र्याची कड बोटांना लागली. उभा, सरळ पत्रा. बोल्ट दोन, दोन्हींना वॉशर, वर ग्रीस. शिकवलं होतं अगदी तसं.

तुळसा खड्ड्याच्या काठावर येऊन वाकली. "आसा मा पत्रो?"

"आसा."

"मगे रडतस कित्याक?"

बाबलीने मातीचा हात चष्म्याखालून फिरवला.

"तेका सगळा येय होता गो," तो म्हणाला.