शेंदूर लावलेला लढवय्या

प्राचीन इतिहासाच्या एमएच्या प्रबंधात आपला हात आहे, बरं का! मी स्वतः सातवीला दोनदा बसलो आणि तिथंच राहिलो.

शिरगावची एक ताई त्या प्रबंधासाठी दर रविवारी माझ्या रिक्षाने पालेगावला यायची. तिथं शेतात लढवय्या कोरलेला जुना दगड आहे. त्याला न शिवता ती त्याच्या रेघांवरून हवेतच बोट फिरवायची, पुटपुटायची, "थांब रे, दिसतोयस." बघता बघता मलाही त्याची तलवार हलल्यासारखी वाटायची.

शेवटच्या फोटोला देव उघडा कशाला, म्हणून मी आधीच जाऊन तेल-शेंदूर फासला. चेहराच बुजला. उद्या सबमिशन! तिनं येऊन दगड बघितला. मग तसाच फोटो काढून वहीत काहीतरी लिहिलं.

"माझं नाव टाकलं का, ताई?"

"नाव कशाला? 'अडाणी भक्तांनी केलेलं नुकसान' लिहिलंय. काढा रिक्षा."